'टीकात्मक स्वागत' आणि ज्ञानेश्वरांची टीका

अमेरिकेतल्या 'द ब्लॅक कीज' या ब्लूज-रॉक (ब्लूज म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) वाजवणाऱ्या जोडीच्या 'डेल्टा क्रीम' (2021) या अल्बमबद्दल एका वाचकाने मराठीत वाचलेले वाक्य पाठवले आहे: "अल्बमचे टीकात्मक स्वागत झाले." हे बरोबर का, असा प्रश्न आहे.

साफ चूक. 'क्रिटिकल रिसेप्शन' एकेक शब्द उचलून मराठीत ठेवले की असेच होणार. 'क्रिटिकल अक्लेम'ची 'गंभीर प्रशंसा' तर त्याहून वाईट, आणि तीही हल्ली सर्रास दिसते. "समीक्षकांनी वाखाणला" म्हणा, काम झाले. समीक्षा आणि परीक्षण दोन्ही 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या धातूचे. त्यात अडण्यासारखे काही नाही.

खरे पाहण्यासारखे आहे ते 'टीका' या शब्दात. संस्कृत कोशकार त्याची फोड देतात: टीक्यते गम्यते ग्रन्थार्थोऽनया. 'टीक्' म्हणजे जाणे. जिच्यामुळे ग्रंथाच्या अर्थापर्यंत जाता येते ती टीका. म्हणूनच ज्ञानेश्वरीच्या शेवटी "शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें" असे आहे. शके 1212, म्हणजे इ. स. 1290. ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका केली, हे वाक्य आजही जसेच्या तसे शुद्ध मराठी आहे. शब्दयोगी अव्ययसुद्धा तेच, 'वर'. तरी आज ते ऐकून शाळकरी मूल दचकते!

कपाळावरच्या टिळ्यातून टीका काढणारे काही जण भेटतात. हिंदीत लसीला टीका म्हणतात, तो शब्द त्या घराण्यातला. ग्रंथावरच्या टीकेशी त्याची सोयरीक जुळवणे म्हणजे निव्वळ ध्वनिसाम्यावर विसंबणे. निंदेचा अर्थच बाद करा म्हणणारे शुद्धिवादीही मला मान्य नाहीत. 'सडकून टीका', 'टीकेची झोड' हे प्रयोग मराठीने पचवले आहेत. माझे मत असे की इंग्रजी 'क्रिटिसिझम'ला प्रतिशब्द म्हणून टीका बसवली, तिथे ती बदलली. 'क्रिटिक'च्या मागे ग्रीक 'क्रिनेइन' आहे: निवडणे, निवाडा करणे. अर्थाकडे नेणाऱ्या शब्दाला आपण न्यायासनावर बसवले आणि मग तो फक्त शिक्षाच सुनावू लागला.

आता अल्बमकडे पाहा. 'डेल्टा क्रीम'मध्ये 'द ब्लॅक कीज'च्या डॅन ऑरबाक आणि पॅट्रिक कार्नी यांनी ज्युनियर किंब्रो, आर. एल. बर्नसाइड अशा मिसिसिपीच्या टेकड्यांतल्या ब्लूजवाल्यांची गाणी वाजवली. साथीला बर्नसाइडचा गिटारवादक केनी ब्राउन. किंब्रोचे 'डू द रम्प' या जोडीने 2002 च्या पहिल्या अल्बममध्ये वाजवले होते. 2021 मध्ये तेच 'डू द रॉम्प' या नावाने पुन्हा घेतले. मधे 2006 मध्ये फक्त किंब्रोच्या गाण्यांची 'चुलाहोमा' ही छोटी ध्वनिमुद्रिका काढली. मूळ पद समोर ठेवायचे, त्याचा अर्थ आपल्या हातातून उलगडायचा, वर्षांनी पुन्हा त्याच पदाकडे जायचे: याला जुन्या मराठीत टीकाच म्हणतात. समीक्षकांनी लिहिली ती परीक्षणे. ऑरबाक आणि कार्नी हे किंब्रोचे टीकाकार, असे मी बेधडक लिहीन, आणि त्यात निंदेचा लवलेश नसेल.