बोस्टन फर्नच्या पानांमागे तपकिरी ठिपके आलेत, ही कीड आहे का? नेफ्रोलेपिसच्या जाती ओळखायच्या कशा?

औषध फवारायच्या आधी जरा थांबा. तुम्ही लिहिलंय की पानांच्या मागे तपकिरी ठिपके रांगेने आलेत, पुढच्या बाजूला कडेकडेने पांढरे कण दिसतात, हात लागला की पानं गळतात आणि कुंडीतून केसाळ दोऱ्या लोंबायला लागल्यात. वर शेजारच्या काकूंनी 'बुरशी आहे, निमतेल मार' असं सांगितलंय. वाचून मला हसू आलं, रागावू नका. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात नेफ्रोलेपिस ही प्रजाती (म्हणजे अनेक जातींचा गट, बोस्टन फर्न त्यातलंच) ओळखायच्या ज्या खुणा दिलेल्या असतात, जवळपास त्याच तुम्ही रोगाची लक्षणं म्हणून लिहून काढल्यात.

आधी तपकिरी ठिपके. नेच्याला, म्हणजे फर्नला, फूल नाही, फळ नाही, बी नाही. त्याचा वंश चालतो बीजाणूंवर, आणि ते तयार होतात पानाच्या पाठीवर. मोबाईलचा कॅमेरा झूम करून एका पर्णिकेची, म्हणजे दांड्यावरच्या एका छोट्या पानाची, मागची बाजू पाहा. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना एकेक रांग दिसेल, ठिपक्याठिपक्यात सारखं अंतर राखलेली. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणूंच्या इवल्या पिशव्यांचा पुंजका, आणि त्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचा पातळ पापुद्रा. कोवळेपणी हा पापुद्रा फिकट हिरवा असतो. पुंजका पिकला की तो तपकिरी पडतो, कडेने उचलला जातो आणि खालून भुकटी सांडते. खात्री करायची असेल तर असं एक पान तोडून पांढऱ्या कागदावर पालथं ठेवा, पंखा बंद करा आणि सकाळी बघा. कागदावर तपकिरी धूळ पडलेली असली की विषय संपला.

खवलेकीड अशी शिस्तीत बसत नाही. ती कुठेही चिकटते, पानाच्या देठावरसुद्धा, लहानमोठी मिळून. नखाने खरवडली की सुटून येते, आणि बहुतेक वेळा पान चिकट झालेलं असतं, मुंग्या फिरत असतात. तुमच्या फोटोत यातलं काहीच नाही.

पांढरे कण तर त्याहून निरुपद्रवी. पर्णिकेतल्या बारीक शिरा कडेपाशी जिथे संपतात तिथे जलरंध्रं असतात. मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी तिथून बाहेर झिरपतं, वाळतं, आणि त्यात विरघळलेला चुना मागे राहतो. भिंग लावून पाहिलं तर कडेला चुन्याच्या ठिपक्यांची किनार काढल्यासारखं दिसतं. ओल्या फडक्याने पुसा, जातील. काही दिवसांनी परत येतील. पिठ्या ढेकूण दिसतो कापसासारखा, बसतो बेचक्यांत, आणि चिरडला की चिकचिक होते. चुना चिरडून फक्त भुकटी होते.

पानं गळण्याबद्दल. तुम्ही ज्याला पान म्हणताय ती पर्णिका आहे. हातभर लांबीचं ते अख्खं एक पान. नेफ्रोलेपिसमध्ये प्रत्येक पर्णिका मधल्या दांड्याला सांध्याने जोडलेली असते, आणि तो सांधा पान म्हातारं झालं किंवा पाण्याचा ताण पडला की सुटतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दोन दिवस पाणी चुकलं तरी खाली ढीग पडतो आणि वर नुसत्या काड्या उरतात. त्या काडीवर पुन्हा पर्णिका फुटणार नाहीत, ती तळाशी कापून टाका. याउलट हिरव्या पानाच्या टोकाला मात्र हात लावू नका. या प्रजातीत पानाचं टोक बराच काळ गुंडाळलेलं राहून हळूहळू पुढे वाढत असतं, काही पानं महिनोनमहिने लांबत राहतात. टोक मोडलं की त्या पानाची लांबी तिथेच थांबली. रेलिंगला घासणाऱ्या हँगिंग कुंडीतलं फर्न एका बाजूने आखूड राहतं ते यामुळे.

दोऱ्या म्हणजे धावती खोडं. मातीला टेकली की त्यांना मुळं फुटतात आणि नवं रोप उभं राहतं. शेजारी ओल्या कोकोपीटची छोटी कुंडी ठेवून एक दोरी तिच्यावर केसांच्या पिनेने दाबून ठेवा, फुकटात झाड मिळेल.

प्रजाती सदाहरित आहे असं तुम्ही वाचलंय, ते बरोबर. आपल्याकडे हे वेगळं सांगावं लागतं, कारण सह्याद्रीतले कितीतरी नेचे पावसाळ्याचे पाहुणे असतात. दगडी भिंतीवरचा हंसराज पाऊस सरला की वाळून जातो. झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या बाशिंगाची लांब हिरवी पानंही उन्हाळ्यात गळतात आणि मागे तपकिरी टोपली तेवढी उरते. नेफ्रोलेपिसला ओल मिळत राहिली तर त्याला असा झोपेचा मोसम नाही. जुनं पान पिवळं पडून जाणार, पण तोवर मधून नवे कोंब वर आलेले असतात.

आता जाती. जुन्या पुस्तकांत तीस किंवा त्याहून जास्त आकडा सापडेल. हल्ली सुमारे 19 मानतात. जगभरच्या नेचेतज्ज्ञांनी मिळून 2016 मध्ये जे वर्गीकरण केलं त्यात हाच आकडा आहे आणि या एकट्या प्रजातीला स्वतंत्र कुळ दिलंय. त्याआधी ती या कुळातून त्या कुळात बरीच फिरवली गेली, त्यात शिरत नाही. जगाच्या उष्ण पट्ट्यात सगळीकडे ही मंडळी आढळतात, जमिनीवर, खडकांच्या फटीत, ताडामाडांच्या खोडांवर.

तुमच्या कामाच्या जाती चार-पाचच. पहिली नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटा, मूळची अमेरिकेची. फ्लोरिडा, वेस्ट इंडीज या भागातली. बोस्टन फर्न हा हिचाच एक वाण, आणि तो कुणी मुद्दाम तयार केलेला नाही. 1894 मध्ये फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे पाठवलेल्या एक्झाल्टाटाच्या खेपेत एक झाड वेगळं निघालं. मूळ जातीची पानं ताठ उभी, याची कमानीसारखी वाकून खाली झुकणारी. बैठकीच्या खोलीत स्टँडवर ठेवायला त्याहून चांगलं काय हवं? मागणी अशी वाढली की लोकांनी मग त्याच्यातूनही आपोआप निघालेले वेगळे नग हेरून वाढवले. कुरळ्या पानांचे, दोनदा-तीनदा विभागलेले, सोनेरी, पट्ट्यापट्ट्यांचे असे कितीतरी वाण त्यातून आले. यातले बहुतेक वांझ असतात. बीजाणूंतून ते पुढे जात नाहीत, म्हणून धावत्या खोडांपासून किंवा टिश्यू कल्चरने रोपं करतात.

आणि इथेच तुमच्या झाडाबद्दल मला शंका आहे. भरपूर, नीटनेटके, पिकलेले पुंजके असलेलं झाड 'बोस्टन' म्हणून विकलेलं असलं तरी ते बहुधा दुसऱ्या जातीचं, नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलियाचं असतं. ही आपल्या हिमालयात आणि दक्षिणेतल्या डोंगरांतही रानटी वाढते, काटक आहे, कुंडी पटकन भरते, म्हणून नर्सरीवाल्यांची लाडकी. त्यांना दोष देत नाही. कुंडीत दोन्ही सारखीच दिसतात आणि 'बोस्टन' म्हटलं की चार पैसे जास्त येतात.

ओळखायचं असेल तर कुंडी उलटी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. दोऱ्यांवर बोराएवढे, तपकिरी लवेचे गोल कंद दिसले तर कॉर्डिफोलिया, प्रश्नच मिटला. एक्झाल्टाटाला कंद येत नाहीत. कंद नसले तरी लगेच निकाल देऊ नका, कॉर्डिफोलियाच्या प्रत्येक झाडाला ते असतातच असं नाही. मग दांड्याकडे बघा. कॉर्डिफोलियाच्या पर्णिका इतक्या दाटीने बसतात की त्यांची बुडं एकमेकांवर चढून दांडा झाकतात. दांड्यावरच्या बारीक शल्कांचा, म्हणजे खवल्यांसारख्या पापुद्र्यांचा, रंगही सांगतो: कॉर्डिफोलियात शल्क दुरंगी, जिथे चिकटलंय तिथे गडद आणि पुढे फिकट, एक्झाल्टाटात सगळं शल्क एकाच रंगाचं. यासाठी भिंग लागेलच.

हे कंद बव्हंशी पाण्याने भरलेले असतात. नेपाळमध्ये त्यांना पानी अमला म्हणतात आणि डोंगरात तहान भागवायला खातात. तुम्ही कुंडीतले खाऊन बघू नका, नर्सरीत त्यावर काय काय मारलेलं असतं देव जाणे.

फ्लोरिडात या दोन बहिणींचा तंटाच आहे. एक्झाल्टाटा तिथली मूळ रहिवासी, कॉर्डिफोलिया बागांतून पळून जंगलात घुसलेली आणि आक्रमक म्हणून नोंदलेली. दिसायला सारख्या, त्यामुळे घुसखोर उपटताना घरचीच उपटली जाऊ नये म्हणून तिथे लोकांना शल्कं आणि कंद बघायला शिकवतात. आपल्या भागात बंगल्याच्या आवारात जमिनीत लावणार असाल तर हे ध्यानात ठेवा: कॉर्डिफोलिया एकदा सावलीत रुजली की वाफा तिचा. कंदाचा तुकडा राहिला तरी पुन्हा उगवते. मी तरी कुंडीतच ठेवा म्हणेन.

बाकीच्या जाती थोडक्यात. बायसेराटा ही दांडगी, पानं दोन मीटरच्याही पुढे जातात, पर्णिका विरळ आणि पुंजके कडेकडे. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत झाडांखाली हिचं रान माजलेलं असतं. नर्सरीत 'मॅचो' म्हणून मिळतं ते याच दांडग्या घराण्यातलं. 'फिशटेल' म्हणतात त्याच्या पर्णिकांची टोकं माशाच्या शेपटीसारखी फाटलेली असतात. 'किंबर्ली क्वीन' हा ऑब्लिटराटा या ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडच्या जातीचा वाण, ताठ उभा वाढणारा. कोरडी हवा तो बोस्टनपेक्षा बरी सोसतो, म्हणून पुणे-नाशिककडच्या बाल्कनीला मी तोच सुचवतो. 'लेमन बटन' मात्र फसवं आहे. गोल बटणासारख्या पर्णिका बघून वेगळीच वनस्पती वाटते, पण ती कॉर्डिफोलियाच.

निमतेलाचं राहिलं. नेच्याचं पान पातळ असतं, तेल आणि साबणाचे फवारे त्याला सोसतातच असं नाही. उन्हात मारलेत तर टोकं जळतील, नवे कोंब काळे पडतील, आणि मग काकू म्हणतील बघ, बुरशी वाढली. खरोखर कीड दिसली तर त्या भागातली पानं कापा, बाकी झाड पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. अगदी औषध मारायचंच झालं तर आधी एकाच पानावर मारून दोन-तीन दिवस वाट पाहा.

पाणी रोज थोडंथोडं शिंपडण्यापेक्षा वरची माती बोटाला कोरडी लागायला लागली की खालून निथळेपर्यंत घाला. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. कुंडी मुळांनी इतकी भरली की पाणी आत न जाता कडेने वाहून जातं, मग गड्डा दातेरी सुरीने उभा चिरून चार झाडं करा. झाडाला दया दाखवायची गरज नाही, ते पावसाळ्यात भरून येतं. खत पातळ करून, वाढीच्या दिवसांतच.

हवा शुद्ध होते का, हेही विचारलंय. नासाचा म्हणून जो 1989चा अहवाल फिरतो, त्यातले प्रयोग छोट्या हवाबंद पेट्यांमध्ये केलेले होते, आणि बोस्टन फर्न त्या यादीत नव्हतंच. ते त्याच संशोधकाच्या, वुल्व्हर्टन यांच्या, पुढच्या कामातून आलं. 2019 मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला. घरात एरवी जी हवा येते-जाते तिच्या तोडीचं काम झाडांकडून व्हायचं असेल तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. तुमच्या हॉलमध्ये सोफ्यालाही जागा उरणार नाही. खिडकी उघडा.

मांजर पानं चावतं म्हणालात, त्याची चिंता नको. बोस्टन फर्न मांजर-कुत्र्यांना विषारी नाही, फार तर खाल्लेलं ओकून टाकेल. पण तुमच्या दुसऱ्या फोटोत मागे जी सुईसारख्या बारीक पानांची 'अ‍ॅस्परॅगस फर्न'ची कुंडी दिसतेय ती नेचाच नाही, शतावरीच्या कुळातली आहे. तिची लाल फळं मांजराच्या पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात आणि पानांनी कातडीला खाजही सुटते. ती कुंडी वर टांगा.