निरीक्षणगृहातून पुन्हा शाळेत : वाचकांचे प्रश्न

कायद्याच्या कचाट्यात सापडलेले मूल निरीक्षणगृहातून (चौकशी सुरू असताना ठेवतात ती संस्था) किंवा विशेष गृहातून (दोषी ठरल्यावर पाठवतात ती संस्था) घरी आल्यावर त्याच्या शाळेचे काय करायचे, असे विचारणारी पत्रे वर्षभर येतात आणि त्यांतला गोंधळ बहुधा तोच असतो. म्हणून काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. प्रत्येक मुलाची कागदपत्रे वेगळी असतात, तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी ती आपल्या परिविक्षा अधिकाऱ्यांना (मुलावर देखरेख ठेवणारे, प्रोबेशन ऑफिसर) दाखवावीत.

प्रश्न : मुलगा जामिनावर घरी आहे, पण बाल न्याय मंडळापुढे (अठरा वर्षांखालील मुलांवरील गुन्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात) प्रकरण अजून सुरू आहे. निकाल लागेपर्यंत त्याला शाळेत पाठवता येते का? (वडील, हडपसर)

उत्तर : येते आणि पाठवावेच. जामिनाच्या आदेशात एखादी अट आहे का, तेवढे वकिलांकडून वाचून घ्या.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. मुख्याध्यापकांनी बोलावून "दाखला घेऊन जा, इतर पालक तक्रार करतात" असे सांगितले. काय करावे? (आई, जनता वसाहत)

उत्तर : दाखला मागणाऱ्या अर्जावर सही करू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे शाळांना ठाऊक असते. म्हणूनच पालकांकडून 'स्वखुशीने दाखला घेत आहोत' असे लिहून घेण्याची युक्ती वापरली जाते आणि नंतर शाळेने काढले हे सिद्ध करता येत नाही. जे सांगायचे ते लेखी द्या, असे शांतपणे म्हणावे. बहुतेक ठिकाणी विषय तिथेच थांबतो. न थांबल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. सही आधीच झाली असेल, तर दुसऱ्या शाळेला केवळ दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही लक्षात ठेवा. नववी-दहावीसाठी मात्र या कायद्याचे संरक्षण नाही. तिथे परिविक्षा अधिकाऱ्यांना बरोबर घेऊनच शाळेत जावे.

प्रश्न : आमच्या शाळेत असा एक विद्यार्थी परत येत आहे. वर्गशिक्षक आणि पालक यांना कल्पना द्यावी का? (मुख्याध्यापिका, कोथरूड)

उत्तर : पालकांना मुळीच नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख पटेल असा मजकूर, अगदी शाळेचे नावसुद्धा, कोणत्याही माध्यमातून उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'काळजीपोटी' टाकलेला संदेशही यातून सुटेल, असे समजू नये. वर्गशिक्षकांना 'मुलाचा अभ्यास बुडाला आहे' एवढे कळले की पुरे.

प्रश्न : मुलगा नववीत होता. दिवाळीनंतर घरी आला. नातेवाईक म्हणतात, हे वर्ष गेलेच, आता जूनमध्ये बघू. तोपर्यंत मामाच्या गॅरेजवर बसू दे. योग्य आहे का? (आई, येरवडा)

उत्तर : नाही. हाच सल्ला मी सर्वाधिक वेळा ऐकतो आणि सर्वाधिक नुकसान यानेच होताना पाहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दिवाळीपासून जूनपर्यंत सहा-सात महिने होतात. संस्थेत उठणे, जेवणे, झोपणे सारे घंटेवर चालते. बाहेर आल्यावर ती घंटा नसते आणि तिची जागा घेणारी शाळाही नसली, तर ज्या चौकातून मुलगा गेला त्याच चौकात तो दुपारी उभा राहतो, कारण त्या वेळी मोकळी असलेली माणसे तिथेच भेटतात. गॅरेजवर रोजचे चार पैसे सुटू लागले की जूनमध्ये त्याला गणवेश घालायला सांगणे घरच्यांनाच जड जाते. शिवाय अभ्यासाची सवय झपाट्याने मोडते. परत आलेला मुलगा फळ्यावरचे अर्धे उतरवतो तोवर फळा पुसलेला असतो. पाणी प्यायला जायचे तरी तो परवानगीसाठी उभा राहतो आणि मागच्या बाकावरून हसू येते. मागच्या वर्षीची पँट घोट्याच्या वर आलेली असते. या गोष्टी जूनमध्येही असणारच आहेत, फक्त तेव्हा त्या अधिक अवघड झालेल्या असतील.

म्हणून या आठवड्यातच तीन कागद गोळा करा : संस्थेत तो कोणत्या इयत्तेचे काय शिकला याचे अधीक्षकांचे पत्र, त्याच्या वैयक्तिक काळजी आराखड्याची (त्याच्या शिक्षण-पुनर्वसनासाठी आखलेल्या योजनेची) माहिती आणि बाल न्याय मंडळाच्या आदेशाची प्रत. मुलाने शाळेत जावे असा आदेश मंडळ बाल न्याय अधिनियमाच्या कलम 18 खाली देऊ शकते; तो नसेल तर परिविक्षा अधिकाऱ्यांमार्फत विनंती करता येते. शाळा नववीच्या परीक्षेला बसू देईल की नाही, हे हजेरीवर अवलंबून राहील. बसू दिले नाही तरी वर्गात बसण्याची परवानगी मागावी. वर्ष गेले तरी सवय राहते. सतरा नंबरचा फॉर्म (खासगी विद्यार्थ्यांचा अर्ज) भरून बाहेरून दहावी देण्याचा विचार असल्यास राज्य शिक्षण मंडळाची मुदत आजच पाहा, कारण ती परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. गॅरेज सुट्टीच्या दिवशी ठीक आहे का, हेही अधिकाऱ्यांना विचारा. अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही.

प्रश्न : एक क्लासवाले परीक्षेशिवाय महिन्याभरात दहावीचे प्रमाणपत्र देतो म्हणतात आणि 'रेकॉर्ड क्लिअर' करून देण्याचे वेगळे पैसे मागतात. (काका, पिंपरी)

उत्तर : दोन्ही थापा आहेत. एक पैसाही देऊ नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करायची असेल, तर चौदा वर्षे पूर्ण असली की नोंदणी होते आणि पाच वर्षांत सवडीने विषय सोडवता येतात. परीक्षा मात्र द्यावीच लागते.

प्रश्न : पुढे नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला लागला तर हे प्रकरण त्यात येणार का? 'एकदा नाव लागले की कायमचे' असे सगळे म्हणतात. (मोठा भाऊ, धायरी)

उत्तर : सगळे म्हणतात ते कायद्यात नाही. प्रकरण निकाली निघाल्यावर अशा दाखल्यासाठी पोलिसांनी नोंद उघड करू नये, असे बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 मध्येच आहे आणि दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता कलम 24 ने दूर होते. सोळा वर्षांवरील मुलाचे निर्घृण गुन्ह्याचे (किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक असलेल्या) प्रकरण मंडळाकडून बाल न्यायालयाकडे जाऊन प्रौढाप्रमाणे चालले असेल, तर नियम वेगळा आहे. आपले प्रकरण कोणत्या प्रकारात मोडते, हे शेजाऱ्यांना न विचारता पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. मुलांना तेथे वकील मोफत मिळतो.

प्रश्न : भाचा विशेष गृहातून अठरा पूर्ण करून बाहेर येत आहे. आता शाळा संपलीच ना? (मावशी, बिबवेवाडी)

उत्तर : नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 46 प्रमाणे संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना अनुरक्षणाची (बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची) मदत मिळू शकते, साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत. मुक्त विद्यालय आणि आयटीआय हे दोन्ही मार्ग खुले आहेत. आयटीआयचे काही ट्रेड आठवी उत्तीर्णांसाठीही असतात. अर्ज तो बाहेर येण्यापूर्वीच जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.