नववीतल्या मुलांनी होलोकॉस्टवर चित्रपुस्तक करावं का?

तुमचा प्रश्न असा की, पुण्यात लेकीच्या वर्गाला होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडातून, वाचलेल्या एखाद्या व्यक्तीची गोष्ट घेऊन लहान मुलांसाठी चित्रपुस्तक करायला सांगितलंय. नववीतल्या पोरांना ते झेपेल का, की विषयाचा पोरखेळ होईल?

झेपतं. मी घरातच पाहिलंय.

आम्ही शिकागोजवळ राहतो. इलिनॉयमध्ये 1990 पासून शाळांत होलोकॉस्ट शिकवणं कायद्यानेच सक्तीचं आहे. 2018 साली माझी मुलगी आठवीत असताना तिच्या आणि मैत्रिणीच्या वाट्याला हेच काम आलं. गोष्ट सांगणाऱ्या बाई 88 वर्षांच्या. मी त्यांना आजी म्हणायचे, पोरी सरळ नावाने हाक मारायच्या.

आजी मूळच्या व्हिएन्नाच्या. 1939 मध्ये किंडरट्रान्सपोर्टने इंग्लंडला आल्या, म्हणजे आईवडिलांना मागे ठेवून फक्त मुलांना नेणाऱ्या गाडीने. डिसेंबर 1938 पासून युद्ध सुरू होईपर्यंत जवळपास 10,000 मुलं अशी आली. गळ्यात नंबराची चिठ्ठी, सोबत एक लहान बॅग.

मला वाटलं होतं, पोरी नाझींच्या छळछावण्यांबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "बॅगेत काय होतं?" आजी जरा थांबल्या. कितीतरी वर्षं शाळाशाळांतून बोलत होत्या, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाल्या, बुटांचे दोन जोड होते. एक मापाचा, दुसरा बराच मोठा. तो मोठा जोड पायात बसायला लागला, तोवर आईची पत्रं यायची बंद झाली होती.

टोकियोतही असंच काहीसं झालं होतं. 2000 साली ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या जागी असलेल्या संग्रहालयाकडून फुमिको इशिओका यांच्या होलोकॉस्ट शिक्षण केंद्रात हाना ब्राडी या मुलीचं नाव लिहिलेली बॅग आली. मुलांनी विचारलं, ही कोण होती? तेवढ्या प्रश्नाचा माग काढत इशिओका टोरांटोत राहणाऱ्या हानाच्या भावापर्यंत पोहोचल्या.

पोरांचं अडतं ते दुसरीकडे. आमच्या लेकीने फलाटावर रुमाल हलवणारे आईबाबा काढले. आजींनी ते चित्र परत दिलं. त्यांच्या गाडीच्या वेळी पालकांना फलाटावर येऊच दिलं नव्हतं, निरोप बाहेरच झाला होता. लेक फुगून बसली, कारण चित्र खरंच झकास जमलं होतं. मीही तिचीच बाजू घेतली, एवढ्याने काय बिघडतंय म्हणून. चुकले. होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणारी माणसं अशाच फटी शोधत असतात. आणि तसंही, आठवण आजींची होती, आमची नव्हे. पुढे ठरलं की संवाद मनाने रचायचे नाहीत, आणि फ्रॉकचा रंग आजींना आठवत नसेल तर तो पेन्सिलीतच राहू द्यायचा.

सहा-सात वर्षांच्या वाचकाला किती सांगायचं, यावर घरात दोन दिवस खल चालला. छावणीचं चित्र घालायचं नाही, हे सगळ्यांना पटलं. शेवटाला मी सुचवलं, "आईबाबा युद्धात हरवले" असं लिहा. लेक म्हणाली, "हरवलेली माणसं सापडतात. छोटी मुलं वाट बघत बसतील." तिने लिहिलं, "नाझींनी त्यांना मारलं." एका ओळीत, खाली मोठ्या बुटांचं चित्र.

तुम्हाला पुण्यात अशी आजी भेटणं अवघड. 2024 च्या सुरुवातीला जगभरात मिळून सुमारे 2,45,000 ज्यू वाचलेले हयात होते, त्यातले निम्मे 86 च्या पुढचे. पण अमेरिकेतल्या यूएससी शोआ फाउंडेशनकडे 50,000 हून जास्त चित्रित मुलाखती आहेत. त्यातली एकच घ्या आणि पूर्ण ऐका, दोनदा. व्हिडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्यामुळे बुटांसारखं काही हाती लागेपर्यंत पोरांना ऐकत बसू द्या. घाईघाईत दहा मुलाखती चाळून काही निघणार नाही.

वर्गात कुणीतरी कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचं नाव काढेलच. 1943 ते 1948 तिथे सुमारे 5,000 पोलिश लोक राहिले, बहुतेक कॅथलिक, सोव्हिएत राजवटीने हाकलून दिलेले. ती होलोकॉस्टची गोष्ट नाही, त्यात मिसळू नका. तिचं वेगळं पुस्तक करा. त्यासाठी तर एसटीने जाऊन येता येईल.