पिकअपला जादा पाटा टाकण्याआधी

भाऊ, पाटा (मागच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) वाढवला म्हणजे गाडीची क्षमता वाढली, हा समज आधी डोक्यातून काढा. पाट्यामुळे मागची बाजू कमी बसते, एवढंच. हाउसिंग (मागच्या एक्सलचं कवच), बेअरिंग, ब्रेक आणि आरसीवरचं वजन तेच राहतं. सोयाबीनचं पोतं ६० किलोचं धरलं तर २५ पोत्यांतच १५ क्विंटल होतात. कापसाची गाडी उंच दिसते, पण वजन त्यामानाने कमी. तिथे धोका वळणावर कलंडण्याचा.

टाकायचाच असेल तर दोन्ही बाजूंना सारखा टाका आणि यू-बोल्ट, म्हणजे पाटे एक्सलला आवळून धरणारे बोल्ट, नवेच घ्या, लांबीला पुरणारे. जुने ताणलेले असतात. नट आलटून-पालटून, थोडे थोडे, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळा आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा तपासा. बहुतेक जण इथेच चुकतात. यू-बोल्ट ढिला राहिला की सगळा झटका पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालायला लागते. पांदण रस्त्यावर हे फार लवकर होतं.

मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (गाडी किती बसली त्यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर तो पुन्हा सेट करून घ्याच. मागची बाजू उंच राहिल्याने व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. ब्रेक ऑइल २ वर्षांनी बदला. ते ओल ओढतं, आणि चिखलदऱ्याच्या घाटातल्या उतारावर तापून त्यात वाफ झाली की पेडल रिकामं जातं. तिथे खालचा गिअर उतार लागण्याआधीच टाका.