टॅक्स प्रिपेअररकडे जाण्याआधी भारतातून जमवायचे कागद

आपण लिहिले आहे की येत्या मे महिन्यात पती आणि मुलीसह आपण न्यू जर्सीला जाणार आहात, पती एच-१बी व्हिसावर आणि आपण दोघी एच-४ वर असाल, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिथल्या टॅक्स प्रिपेअररला (कराचे विवरणपत्र तयार करून देणाऱ्याला) भेटताना कोणते कागद लागतील हे आत्ताच समजून घ्यायचे आहे. भेट फेब्रुवारीत असली तरी तिची निम्म्याहून अधिक तयारी विमानात बसण्यापूर्वीच करावी लागते, म्हणून सविस्तर लिहिते. अमेरिकेतले कागद शोधत फिरावे लागत नाही. वर्षभराच्या पगाराचा दाखला, म्हणजे डब्ल्यू-२, कंपनीला ३१ जानेवारीपर्यंत द्यावाच लागतो आणि बँकेच्या व्याजाचा दाखला, म्हणजे १०९९, तिच्या संकेतस्थळावर मिळतो. खरी ओढाताण भारतातल्या कागदांची होते.

या ओढाताणीचे मूळ दोन देशांची वर्षे न जुळण्यात आहे. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपण दोघेही एप्रिलअखेर नोकरी सोडणार असाल, तर जानेवारी ते मार्चचा पगार एका फॉर्म १६ मध्ये आणि एप्रिलचा पुढच्या वर्षाच्या फॉर्म १६ मध्ये येईल. हा दुसरा फॉर्म १६ त्याच्या पुढच्या जूनमध्ये हाती पडतो आणि अमेरिकेत विवरणपत्र भरण्याची मुदत १५ एप्रिलला संपलेली असते. त्यामुळे जानेवारीपासूनच्या दर महिन्याच्या पगारपत्रिका, शेवटच्या हिशेबाचे पत्र आणि रजेच्या रोखीकरणाचा तपशील राजीनामा देण्याआधी उतरवून घ्या. कंपनीचे लॉगिन शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद झाले की मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवत बसण्यात आठवडे जातात. मी त्यातून गेले आहे.

मे महिन्यात अमेरिकेत पोचणाऱ्या माणसाला भारतातला आधीचा पगार तिथे दाखवायची गरज काय, असे आपल्याला वाटेल. मे महिन्यात पोचून तिथेच राहिल्यास त्यासाठी लागणारे वर्षाचे १८३ दिवस सहज भरतात आणि आपण पोचल्या दिवसापासून कर-रहिवासी, म्हणजे करापुरते तिथले रहिवासी, ठरता. त्याआधीच्या भारतातल्या पगारावर अमेरिका कर मागत नाही, पण असे अर्धे-अर्धे वर्ष असलेल्यांना प्रमाणित वजावट मिळत नाही आणि पतिपत्नींना एकत्र विवरणपत्रही भरता येत नाही. दुसरी वाट अशी की दोघांनी सहीनिशी निवेदन जोडून संपूर्ण वर्षासाठी रहिवासी होणे निवडायचे. मग एकत्र विवरणपत्र आणि प्रमाणित वजावट दोन्ही मिळतात, मात्र दोघांचे जानेवारीपासूनचे जगभरातले उत्पन्न दाखवावे लागते आणि भारतात भरलेल्या कराचे श्रेय १११६ क्रमांकाच्या फॉर्मवर मागावे लागते. कोणती वाट स्वस्त पडते हे आकडे समोर ठेवूनच ठरते, म्हणून पगारपत्रिकांच्या जोडीला २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा), भारतातल्या विवरणपत्राची पोचपावती आणि स्वतः भरलेल्या कराची चलने असू द्या. (२ जुलैनंतर पोचणाऱ्याचे, आधीच्या दोन वर्षांत तिथे मुक्काम नसेल तर, त्या वर्षी १८३ दिवस भरतच नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा असतो, तेव्हा ओळखीच्यांचे अनुभव जसेच्या तसे आपल्याला लावू नका.)

या १८३ दिवसांच्या मोजणीत मागच्या वर्षीचे दिवस एक तृतीयांश आणि त्याच्या मागच्या वर्षीचे एक षष्ठांश धरले जातात. पती कंपनीच्या कामासाठी पूर्वी दोन-तीन आठवडे गेले असतील, तर त्या तारखाही लिहून काढा. पासपोर्टवर दर वेळी शिक्का असेलच असे नाही, म्हणून आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) च्या संकेतस्थळावरील प्रवासाच्या नोंदी आणि बोर्डिंग पास दोन्ही ठेवा.

आता बँक खात्यांविषयी, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. अमेरिकेच्या कर-रहिवाशाच्या परदेशातल्या सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षातल्या कोणत्याही एका दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरावा लागतो. त्यात कर लागत नाही, पण भरला नाही तर दंड मोठा असतो. माझ्या पहिल्या भेटीत समोरच्या बाईंनी विचारले, "वर्षभरात या खात्यातली सर्वांत मोठी रक्कम किती?" माझ्याकडे फक्त ३१ मार्चची शिल्लक होती. शिवाय आईबरोबरचे एक खाते मी यादीत धरलेच नव्हते; पैसे तिचे, माझे नाव केवळ सोयीसाठी. नाव आहे म्हणजे ते खातेही दाखवायचे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मग वहिनीने पासबुकाच्या पानांचे फोटो पाठवले, त्यांत नेमका उजवीकडचा शिलकीचा रकाना कापला गेला होता आणि तिला पुन्हा बँकेत जावे लागले. म्हणून आई-वडील, सासू-सासरे यांच्याबरोबरच्या प्रत्येक संयुक्त खात्याची, मुदत ठेवीची, पीपीएफची आणि डीमॅटची यादी आत्ताच करा आणि जानेवारीपासूनचे उतारे मिळण्याची सोय लावा. रोख मूल्य असलेल्या विमा पॉलिसीचे सरेंडर मूल्यही विमा कंपनीकडून लेखी घ्या. मालमत्ता आणखी मोठी असेल तर ८९३८ हा निराळा फॉर्मही लागतो. अमेरिकेत राहून एकत्र विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी त्याची मर्यादा वर्षअखेरीस १,००,००० डॉलर किंवा वर्षात केव्हाही १,५०,००० डॉलर अशी आहे.

व्याजाचे प्रमाणपत्र बँका एप्रिल ते मार्च असे देतात, तेव्हा तिमाहीवार आकडे मागून घ्या म्हणजे कॅलेंडर वर्ष जुळवता येते. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत करपात्र आहे, हे अनेकांना उशिरा कळते.

म्युच्युअल फंडांकडे मात्र निघण्याआधीच गांभीर्याने पाहा. भारतातले फंड अमेरिकेच्या कायद्यात साधारणपणे पीफिक (निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी) या करासाठी जाचक प्रकारात मोडतात आणि त्यांच्यासाठी ८६२१ क्रमांकाचा फॉर्म फंडागणिक वेगळा भरावा लागू शकतो. सर्व फंडांचा एकत्रित उतारा, प्रत्येक खरेदीची तारीख आणि भाव, आणि पोचल्या दिवसाचे मूल्य काढून ठेवा. विकायचे की ठेवायचे हा निर्णय रहिवासी होण्यापूर्वी जाणकाराशी बोलून घ्या, कारण पोचल्यावर तोच व्यवहार महाग पडू शकतो. संपूर्ण वर्षासाठी रहिवासी होण्याचा विचार असेल, तर त्या वर्षी जानेवारीपासून केलेली विक्रीही हिशेबात येते, हेही त्याच वेळी विचारा. प्रिपेअरर निवडताना पहिल्याच फोनवर "आपण ८६२१ भरता का?" असे विचारा. उत्तर अडखळत आले तर दुसरा पाहा. पैसे घेऊन विवरणपत्र करणाऱ्याकडे पीटीआयएन हा करखात्याने दिलेला क्रमांक असणे आणि त्याने विवरणपत्रावर सही करणे बंधनकारक आहे.

घर भाड्याने देणार असाल तर भाडेकरार, घरपट्टीच्या पावत्या, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला आणि सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू, खरेदीच्या नोंदणीचा उतारा) प्रत घ्या. पुढे घर विकले तर अमेरिका मूळ खरेदी किंमत विचारेल.

आपल्याला आणि मुलीला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाला नाही, तर विवरणपत्रासोबत डब्ल्यू-७ अर्ज जोडून आयटीआयएन, म्हणजे त्याऐवजी करापुरता चालणारा क्रमांक, मागावा लागेल. त्यासाठी मूळ पासपोर्ट टपालाने पाठवणे मला मुळीच पसंत नाही. कागद तपासून देणारे मान्यताप्राप्त एजंट असतात, तिकडे जा. मुलीचा जन्मदाखला इंग्रजीतही घ्या. पासपोर्ट, पॅन आणि बँक यांवरचे आपले नाव एकसारखे आहे का ते तपासा. लग्नापूर्वीचे नाव पॅनवर आणि नंतरचे खात्यावर असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत असू द्या.

भारतातला मोबाइल नंबर रोमिंगसह चालू ठेवा, कारण भविष्य निर्वाह निधीचे पासबुक काय किंवा बँकेचा उतारा काय, सगळीकडे ओटीपी त्याच नंबरवर येतो. एवढे करूनही एखादा आकडा अडला तर ४८६८ क्रमांकाचा फॉर्म भरून विवरणपत्राची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवता येते आणि जूनमध्ये येणाऱ्या फॉर्म १६ ची वाट पाहता येते. मात्र कर भरण्याची मुदत त्याने वाढत नाही, तेव्हा अंदाजे देय रक्कम १५ एप्रिलपूर्वीच भरून टाका.