पोरगी पहिलीत गेली नि गप्पच झाली!

जून उजाडला की आमच्याकडं पहिलीचीच पत्रं येतात, यंदा पण तसंच झालंय, त्यातली तीन घेतलीत.

प्रश्न: ताई, आम्ही बेळगावात वडगावला राहतो, घरी माग आहेत. मुलगी यंदा इंग्लिश मिडियमला पहिलीत गेली. शाळेत इंग्लिश, वर कन्नड कंपल्सरी, आणि घरात आमचं सगळं मराठी. मिस म्हणाल्या घरी पण इंग्लिशच बोला. मी दहावीपर्यंत मराठीतून शिकलीय, मला कुठलं येतंय इंग्लिश, तरी ‘कम’, ‘ईट’, ‘सीट’ असं सुरू केलं. आता पोरगी घरी आली की बोलतच नाही, आधी दिवसभर टकळी चालू असायची. रात्री अभ्यासाला बसवलं की रडते. काय करू?

उत्तर: आधी ते ‘कम, ईट’ बंद करा, आजपासूनच. मिसनी चांगल्या मनानंच सांगितलं असेल पण तुम्हीच बघा की, इंग्लिशमधून दिवसभरात तुम्ही तिच्याशी किती बोलताय? चार शब्द, आणि ते पण सगळे हुकूम. मराठीत तुम्ही तिला धागा का तुटला, कांडी कशी भरायची, उभा धागा कुठला नि आडवा कुठला, हे सगळं हसतखेळत सांगत होता, ती मधेच दहा प्रश्न विचारत होती, तो खरा अभ्यास होता हो. शाळेत आता ‘स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन’ शिकवत असतील. ज्या पोरीनं मागावर उभं-आडवं बघितलंय तिला त्यात नवं काय आहे, फक्त नाव नवीन. पण उभं-आडवं, आधी-नंतर, जास्त-कमी हेच जिला कुठल्याच भाषेत नीट कळलेलं नाही तिला ते नाव घोकूनच लक्षात ठेवावं लागतं, मग रडायला येणारच.

आणि शाळेत पण गप्प बसत असेल तरी घाबरू नका. नव्या भाषेत टाकलेलं मूल कित्येक आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकत असतं. घरात मराठीतून परत बोलायला लागली की समजा सगळं ठीक आहे. मराठी सुरू करून पण तशीच गप्प राहिली, हाक मारल्यावर वळून बघेना, तर मात्र कानाच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र नक्की शिकवा. मी कितीतरी वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. एकदा एक मराठी पोरगं दुपारपर्यंत मांड्या आवळून बसलं होतं, बाथरूमला जायचंय हे बाईंना कुठल्या भाषेत विचारायचं हेच त्याला माहीत नव्हतं, शेवटी चड्डी ओली झाली आणि पुढं आठ दिवस ते शाळेत यायला तयार नव्हतं. मला अजून वाईट वाटतं, कारण माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. तर तिला बाथरूमला जाऊ का, पाणी पाहिजे, पोट दुखतंय एवढं इंग्लिश नि कन्नड दोन्हीत पाठ करून घ्या. कन्नडात ‘नीरु बेकु’ म्हणजे पाणी पाहिजे, ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोट दुखतंय, बास, एवढ्यावर पोरं धीट होतात.

कन्नडचं टेन्शन पण घेऊ नका. कर्नाटकाचा २०१५ चा कायदा आहे, २०१७-१८ पासून पहिलीपासून सगळ्या शाळांना ते शिकवावंच लागतं, ते काही टळत नाही. पण क ख ग घ चा क्रम दोन्हीकडं तोच आहे, बाराखडीला तिकडं कागुणित म्हणतात एवढंच. फरक दोन ठिकाणी जाणवेल. एक, आपल्यासारखी डोक्यावरून सरळ रेघ नाही, अक्षरं गोल आणि वर छोटी खूण, तिला तलकट्टु म्हणतात. दुसरं, कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्व पण असतात नि दीर्घ पण, आपली पोरं तिथं अडखळतात. गल्लीत कन्नड बोलणाऱ्या पोरांत खेळायला सोडा, कानानं बरोबर पकडतील.

रात्रीचा अभ्यास दहा-पंधरा मिनिटं, बास. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत तर दुसरीपर्यंत होमवर्क नकोच असं लिहिलंय. अक्षर वाकडं आलं की खोडरबर घेऊन बसू नका, पान फाटतं नि मन पण. आणि ‘आज काय शिकवलं’ विचारू नका, उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. डब्यातलं कुणी खाल्लं, शेजारी कोण बसलं होतं असं विचारा, बघा कशी सुटते ती.

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या गावातून लिहितोय. नातू सरकारी कन्नड शाळेत पहिलीला आहे. पहिली, दुसरी, तिसरीची पोरं एकाच खोलीत गोल करून खाली बसतात, कार्डं खेळतात. पाटी नाही की पाढे नाहीत. नुसता टाइमपास चाललाय असं वाटतं.

उत्तर: काका, तो टाइमपास नाही, ती शिकवायची नली-कली पद्धत. अर्थच मुळी आनंदानं शिक असा. १९९५ च्या सुमाराला म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली, आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेचं काम बघून तिथल्या शिक्षकांनीच उभी केली आणि मग राज्यभर पसरली. भिंतीवर शिडीसारखा तक्ता असेल बघा, प्रत्येक पायरीला चित्राची खूण. नातू आपल्या वेगानं पायरी चढतो, चार दिवस तापानं घरी राहिला तरी जिथं थांबला होता तिथूनच पुढं. मोठी पोरं लहान्यांना सांगतात. आता बाई मनापासून घेत असतील तरच हे चालतं, ते मी पण मान्य करते. म्हणून एक दिवस शाळेत जा, नातवाला विचारा तुझी पायरी कुठली, त्यानं बोट ठेवून दाखवलं तर निर्धास्त राहा. आणि पाढे तुम्हीच म्हणा की संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन, आजोबांच्या तोंडचे पाढे पोरं विसरत नाहीत.

प्रश्न: आम्ही निपाणीचे. मुलगा ऑक्टोबरात सहाचा होतो, इथं पहिलीला घेत नाहीत. पलीकडं महाराष्ट्रात कागलला घालावं का?

उत्तर: नको. कर्नाटकात १ जूनला ६ वर्षं पूर्ण लागतात, २०२५-२६ ला ५ वर्षं ५ महिन्यांपर्यंत सूट दिली होती ती त्या वर्षापुरती म्हणून. महाराष्ट्रात ३१ डिसेंबर धरतात म्हणून तिकडं बसतं तुमचं, पण त्यासाठी एवढ्याशा पोराला रोज बसनं तिकडं पाठवायचं, आणि पुढं परत इकडं आणायचं झालं तर भाषा, पुस्तकं सगळंच बदलणार. यूकेजीला आहे तिथंच वर्षभर राहू दे. आणि पुढच्या वर्षी ॲडमिशनला जाताना जन्मदाखल्याच्या दोन झेरॉक्स जास्तीच्या ठेवा, नाव-तारीख आधारकार्डाशी जुळते का ते आत्ताच बघा, ऐनवेळी फार पळापळ होते.