घर तुमचे, पब आयरिश

प्रश्न : डिचोलीत आजोबांचे चिऱ्यांचे कौलारू घर आहे. पुढच्या दोन खोल्यांत मुलाला आयरिश खेड्यातल्या कॉटेजसारखा पब काढायचा आहे. ठेकेदाराने फायबरच्या तुळया, विजेची शेकोटी, भिंतींना हिरवा ऑइलपेंट असे सुचवले आहे. मला ते नाटकाच्या सेटसारखे वाटते. काय करावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाक मुरडलेत ते बरेच केलेत. पण मुलाची हौस मोडू नका, अर्धा पब तुमच्या आजोबांनीच बांधून ठेवलाय.

आयर्लंडच्या खेड्यात पब म्हणजे पुष्कळदा मालकाच्या घराचीच पुढची खोली. चुना मारलेल्या जाड भिंती, दगडी फरशी, बसक्या तुळया आणि चूल. चुलीत टर्फ जळते, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेले मातकट जळण. त्याच्या धुराने छत पिवळट होत जाते. दार आडवे दोन भागांत कापलेले असते : खालचे लावले की कोंबड्या बाहेर, वरचे उघडे ठेवले की उजेड आत. काही ठिकाणी दारूबरोबर वाणसामानही मिळे. केरी परगण्यातल्या डिंगलला ‘फॉक्सी जॉन्स’मध्ये शिरले, तर एका बाजूला खिळे-मोळे, दुसरीकडे बिअर. मला आमच्या गावचा पसरोच, म्हणजे वाण्याचे दुकानच आठवले. पुढे तांदूळ नि साबण, मागच्या बाकड्यावर काजूची हुर्राक!

‘स्नग’ मात्र जरूर करा. फळ्यांनी आडोसा केलेली चार माणसांची खोली, काउंटरकडे उघडणारी छोटी झडप. पूर्वी बायका, पाद्री, पोलीस तिथे लोकांच्या नजरेआड पीत. तुमचे कोठार त्याला चालेल. (देवघर कुठे आहे ते लिहिले नाहीत. आधी त्याचे बघा.)

विजेची शेकोटी रद्द. डिचोलीच्या मे महिन्यात ती बघूनच गिऱ्हाईक उठेल. आयर्लंडच्या घरांत चुलीवर लोखंडी आकड्याला हंडा टांगत. तुम्ही नुसता कोनाडा करून न्हाणीतले पाणी तापवायचे तांब्याचे भाण ठेवा. तुळयांना फणसाचे जुने लाकूड मिळते का पाहा.

ऑइलपेंटचा धडा मी स्वतः घेतलाय. एका घरी चिऱ्यांच्या भिंतीला तो लावला आणि जुलैत तळहाताएवढे फोड आले. ओल आतच कोंडली होती. सगळे खरवडून पुन्हा चुना मारला, तोही माझ्या खर्चाने. तुम्ही भिंती सुकू द्या, दिवाळीनंतरच चुन्याला हात घाला.